जडीबुटीचा धंदा आणि कायदा

आपल्याकडे अत्तारीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दुकानाची गादी आणि हकिमीचे नुस्खे मुलाच्या हाती बहुधा एकदमच येतात. परंतु माल विकणे, औषध बनवणे आणि इलाज करणे ही कायद्याच्या नजरेत तीन वेगळी कामे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो. म्हणून ती आम्ही येथे वेगवेगळी मांडत आहोत.

विक्री : हिरडा, ज्येष्ठमध, उन्नाब, गुलबनफशा तोलून पुडीत बांधून देणे हा किरकोळ व्यापार आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदिक किंवा युनानी औषधे विकण्यास वेगळा परवाना लागत नाही. मात्र भेसळीचा किंवा बिनपरवाना बनवलेला माल विकणे गुन्हा आहे. तयार माजून, शरबत घेताना डब्यावरील निर्मात्याचा परवाना क्रमांक पाहावा आणि खरेदीचे बिल जपून ठेवावे.

निर्मिती : घरी सुफूफ कुटून, डब्यांत भरून, त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावून विकले की ती निर्मिती झाली. त्यासाठी परवाना हवा, तसेच जागा, स्वच्छता आणि तज्ज्ञांची देखरेख याबाबत ‘अनुसूची टी’चे नियम पाळावे लागतात. हकीम व वैद्य यांना सूट आहे, पण ती स्वतःच्या रोग्यांसाठी बनवलेल्या औषधापुरतीच. दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक रोगी ठरत नाही. कुचला, बचनाग, धोतरा हे विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. ते घातलेल्या पोटात घेण्याच्या तयार औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते.

इलाज : नाडी पाहून औषध देणे म्हणजे वैद्यकीय व्यवसाय. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने त्याला नोंदणी आवश्यक आहे. वडील नामांकित हकीम होते, एवढ्याने मुलाला तो हक्क मिळत नाही. ज्याला गादी पुढे चालवायची आहे, त्याने ‘नीट’ परीक्षा देऊन बी.यू.एम.एस. पदवी घ्यावी आणि नाव नोंदवावे.

जाहिरात : सर्वांत जास्त माणसे येथेच फसतात. मधुमेह, कर्करोग, फेफरे, लकवा अशा यादीतील रोगांवर हमखास इलाज सांगणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे. हस्तपत्रक, डब्यावरची चिठ्ठी, इतकेच काय, भोंग्यावरची हाकही त्यात मोडते. रोग बरा करणाऱ्या तावीज-मंत्राची जाहिरातही चालत नाही. हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण जाहिरातबंदीचे मूळ तत्त्व कायम ठेवले.

तेव्हा दुकानदाराने दुकानदारच राहावे. रोगाची तक्रार घेऊन कोणी आल्यास त्याला नोंदणीकृत हकिमाकडे पाठवावे आणि त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे माल द्यावा. त्यात गिऱ्हाइकाच्या जिवाची आणि आपल्या रोजीची, दोन्हींची हिफाजत आहे.