१, ३, ५, ७, ९, ११ : पानथरीचे सूत्र आणि आपले दोन जिल्हे

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुले पानथरीचे, म्हणजे प्लीहेचे, एक सूत्र पाठ करतात : १, ३, ५, ७, ९, ११. एक इंच जाड, तीन इंच रुंद, पाच इंच लांब, वजन सात औंस, आणि जागा डाव्या अंगाला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड. निरोगी माणसाची पानथरी म्हणूनच पोट चाचपताना हाताला लागत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत मात्र ती हाताला लागणारे रुग्ण भरपूर. हिवतापात पानथरी वाढते, सिकलसेलमध्येही वाढते, आणि इथे दोन्ही आजार मुक्कामाला आहेत. सिकलसेलमध्ये पानथरी लहानपणीच आक्रसून जाते, असे पुस्तक सांगते. ते वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून आले. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकते, त्यामुळे ती मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते.

हे शिकवायचे कुठे? चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले, गडचिरोलीचे २०२४ मध्ये. २०१९ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्राला ६७५ तास होते, २०२३ मध्ये ६२० झाले. ५५ तास गेले. २०१९ च्या यादीत विषयाची ८२ शीर्षके आणि ४०९ क्षमता होत्या. त्यातल्या ७४व्या शीर्षकाखाली सिकलसेलचे नाव येते, तेही हिमोफिलिया वगैरे आणखी पाच आजारांच्या रांगेत. मानवी उत्क्रांतीला ८२ पैकी एकही शीर्षक नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. दहावीत शिकलेले डॉक्टर होताना सुटून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण उत्क्रांती जिवंत दाखवणारे सिकलसेलहून चांगले उदाहरण नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातले सहावे, फक्त एक, बदलते. ज्याला हा बदललेला जनुक आई-बाप दोघांकडून मिळाला तो एसएस पॅटर्न, म्हणजे रुग्ण. त्याची तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी जेमतेम १० ते २० दिवस जगते. एकाकडूनच मिळाला तर एएस पॅटर्न, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत १९५४ मध्ये हे दाखवून दिले. जिथे जंगल, डास आणि हिवताप, तिथे हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या का टिकला याचे उत्तर त्यात आहे.

विदर्भातली नोंद जुनी आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवरचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे डॉ. एस. एल. काटे यांच्या पाहण्यांतून महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींची सरासरी पुढे आली : वाहक सुमारे १० टक्के, रुग्ण सुमारे ०.५ टक्के. माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात वाहक २० ते ३५ टक्के. (हा आजार केवळ आदिवासींचा नव्हे. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गातही तो आहे.)

आता १० आणि ०.५ टक्के या दोन आकड्यांशी थोडे थांबू. सगळी लोकसंख्या एकच असती आणि लग्ने सरमिसळ होत असती, तर १० टक्के वाहकांमागे हजारी सुमारे ३ रुग्ण निघायला हवेत. नोंद आहे ५ ची. जास्तीचे आले कुठून? समजा निम्म्या जमातींत वाहक शून्य आणि निम्म्यांत २० टक्के आहेत. सरासरी १० टक्केच राहते, पण लग्ने जमातीतल्या जमातीतच होतात, म्हणून रुग्णांचा हिशेब हजारी ६ च्या वर जातो. वाहक ३५ टक्के असतील तिथे तो हजारी ५० च्या आसपास पोहोचतो. म्हणजे राज्याची सरासरी गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्ली तालुक्यांच्या कामाची नाही. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत ३८.७ टक्के आणि चंद्रपुरात १७.७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. इथे हिशेब जमातवार आणि तालुकावारच हवा.

तपासणीची सुरुवात अगदी साधी असते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह. पण एएस की एसएस, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच कळते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने देशभरात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणीतून वाहक कळतील, पण इथल्या शरीरांची मापे कळणार नाहीत. पानथरी किती वाढते, कोणत्या वयात आक्रसते, रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा कधी झिजू लागतो, हे सोनोग्राफी आणि एक्स-रेवर इथेच मोजावे लागेल.

मोजताना जपावेही लागेल. माणसांची मापे घेऊन त्यांची उतरंड लावण्याचे पाप मानवशास्त्राने केले आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये संशोधनासाठी कवट्या मोजल्या आणि मार्गदर्शकाच्या वंशश्रेष्ठतेच्या गृहीतकाला आकड्यांचा आधार मिळत नाही, असे मांडले. तो बाणा इथे हवा : संमती घेऊन मोजायचे, आणि निष्कर्ष आधी त्या कुटुंबाला त्याच्या भाषेत सांगायचा.

दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत, तर इथली विज्ञान महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाखाली. दोन विद्यापीठांनी एक संयुक्त प्रकल्प हाती घ्यावा आणि शरीररचनाशास्त्राच्या ६२० तासांतले निदान चार तास आपल्याच जिल्ह्यांच्या आकड्यांवर उत्क्रांती शिकवायला द्यावेत. चंद्रपूरच्या ऊर्जानगरपासून गडचिरोलीतल्या भामरागडपर्यंतच्या पालकांना एकच विनंती : लग्न ठरवण्याआधी दोघांचीही तपासणी करून घ्या. दोघेही एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते.