काँगोच्या राजाचं पत्र
काँगोचा राजा अफोन्सो पहिला याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं : तुमचे व्यापारी आमची माणसं पळवताहेत, सरदारांची मुलं, माझे नातलगसुद्धा. आम्हाला धर्मगुरू हवेत, शिक्षक हवेत आणि चर्चमधल्या विधीपुरता द्राक्षारस व पीठ. बाकी काही नको. वाचताना जीव कळवळतो. पण हाच अफोन्सो युद्धकैदी विकत होता, हेही सांगायलाच हवं. त्याच वर्षी त्याने तीन अधिकारी नेमले. विकत घेतलेला माणूस खरोखर कैदी आहे की पळवून आणलेला स्वतंत्र प्रजाजन, हे त्यांनी तपासायचं. गुलामांचा व्यापार मात्र वाढतच गेला. साडेतीन शतकांत अटलांटिकवरच्या जहाजांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं कोंबली गेली. त्यातली अंदाजे १८ लाख वाटेतच दगावली.