जलपिसवांची जनुकीय विविधता व उत्क्रांती : वाशिम जिल्ह्यातील जलाशयांच्या संदर्भात

प्रस्तावना

विदर्भातील तलावांच्या प्राणिप्लवकांवर जे अभ्यास होतात, त्यांच्या जातिसूचीत ‘मॉयना मायक्रुरा’ हे नाव सहसा असतेच. ही जाती कुर्झ यांनी १८७५ साली बोहेमियातील नमुन्यांवरून वर्णिली. बोहेमियातील थंड तळे आणि रिसोड परिसरातील उन्हाळ्यात आटणारा गावतलाव, या दोहोंत एकच जाती नांदते असे आपण गृहीत धरत आलो आहोत. जनुकीय पुराव्यापुढे हे गृहीतक कितपत टिकते, ते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रजनन व सुप्तांडे

जलपिसू हा कीटक नव्हे. तो क्लॅडोसेरा गटातील सूक्ष्म कवचधर प्राणी आहे. झटके देत पोहण्यावरून त्यास हे नाव पडले. अनुकूल काळात मादी अनिषेकजननाने स्वतःसारख्याच माद्या निर्माण करते. पाणी आटू लागले वा गर्दी वाढली की नर जन्मतात, लैंगिक प्रजनन होते आणि कठीण आवरणातील सुप्तांडी तयार होतात. ही अंडी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एकाच तळ्यात अनेक मातृवंश शेजारी शेजारी कसे आढळतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या दुहेरी प्रजननात आहे.

वंशाचे वय

मंगोलियातून मिळालेल्या सुप्तांड्यांच्या आवरणांच्या जीवाश्मांवरून कोटोव्ह व टेलर यांनी २०११ साली असे दाखविले की, डॅफ्निया या प्रजातीचे दोन उपप्रजातिगट १४.५ कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झालेले होते. वाशिम जिल्हा ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या पायाखालचा खडक या प्राण्याच्या वंशापुढे अगदी अलीकडचा ठरतो! त्याच वर्षी डॅफ्निया प्युलेक्सचा जनुकसंच प्रसिद्ध झाला व त्यात ३०,००० हून अधिक जनुके असल्याचे सांगण्यात आले. २०१७ च्या सुधारित जुळणीत ही संख्या १८,००० च्या आसपास आली. पहिला आकडा मात्र अजूनही उद्धृत होतो.

एक नाव, अनेक वंश

इतक्या दीर्घ काळात बाह्यरूप फारसे न बदलता जनुके मात्र बदलत गेली. ‘सर्वत्र आढळणारी जाती’ या कल्पनेवर डेव्हिड फ्राय यांनी १९८० च्या दशकातच शरीररचनेच्या आधारे शंका घेतली होती. पुढे २००४ साली पेत्रुसेक व सहकाऱ्यांनी तंतुकणिकीय डीएनएची तुलना करून युरोप व ऑस्ट्रेलियातील मॉयना मायक्रुरामध्ये मोठा भेद असल्याचे दाखविले. डीएनए बारकोडची कल्पना २००३ मध्ये मांडणारे पॉल हेबर्ट यांनी त्यापूर्वी दीर्घकाळ डॅफ्नियावरच काम केले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०१४ साली पाध्ये व ड्यूमाँ यांनी पुण्याहून मॉयना हेमंती ही नवीन जाती वर्णिली. विद्यापीठाच्या शहरात जे दीर्घकाळ अज्ञात राहिले, तसे पैनगंगेच्या खोऱ्यात काही नसेलच असे कोणत्या आधारावर म्हणावे? आपल्या सूचींतील युरोपीय नावे ही बहुधा तात्पुरती नावे समजावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अडचण साधी आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवले जातात आणि त्यात डीएनएची हानी होते. मोजणीसाठी फॉर्मॅलिन चालेल, परंतु नमुन्याचा एक भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये, स्थळ व दिनांकासह, वेगळा ठेवणे आवश्यक आहे. खर्च अल्प आहे. सवय मात्र मोडावी लागेल.

गाळातील नोंदवही

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका सरोवराच्या गाळातून सुमारे ७०० वर्षांपूर्वीची डॅफ्नियाची अंडी उबविण्यात संशोधकांना २०१४ साली यश आले. परिसरातील शेतीचे स्वरूप बदलून पाण्यात फॉस्फरस वाढला, त्या सुमारास तेथील जनुकीय रचनाही पालटल्याचे त्यातून दिसले. आपल्याकडे सोयाबीनच्या शेतांतून खते तलावांत उतरतात; त्याची अशीच नोंद आपल्या गाळातही असू शकते. मात्र ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या योजनेत तोच गाळ उपसून शेतात पसरला जातो. पाणीसाठा वाढतो, जमीन सुधारते. या योजनेस विरोध करण्याचे कारण नाही. पण यंत्रे तलावात उतरण्यापूर्वी सर्वांत खोल जागी, जेथे गाळ कमीत कमी ढवळलेला असतो, तेथून एका नळीत उभा गाळस्तंभ काढून तो थंड व अंधाऱ्या जागी ठेवता येतो. त्यासाठी प्राणिशास्त्र विभागातील दोन विद्यार्थी आणि एक सकाळ पुरेशी आहे.