विहिरीवरचं इंजिन : हातांनी जपलेली वर्षं

तेरणाकाठच्या आमच्या विहिरीचं बांधकाम १९७२ च्या दुष्काळानंतर पुरं झालं आणि १९७४ च्या रब्बीत तिच्यावर पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन बसलं. त्यासाठी भूविकास बँकेचं कर्ज काढलं होतं. तोवर मोट होती, धावेवरून खालीवर करणारी बैलजोडी होती. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गावातली निम्मी माणसं विहिरीवर जमली होती, असं आई सांगायची. आज त्या जागी सौरपंप आहे. या दोन पंपांमधल्या पन्नास वर्षांत आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने इंजिन स्वतः सांभाळण्याची एक विद्या कमावली. ती कुठे लिहून ठेवलेली नाही, म्हणून हा मागोवा.

ही इंजिनं आपल्याच मुलखात घडत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथे आधी लोखंडी नांगर झाले. सातारच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ मध्ये तो मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वीज वाडीवस्तीपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. त्या मधल्या काळात बागायत उभी राहिली ती इंजिनाच्या जिवावर.

कारखाना पुण्यात आणि इंजिन तेरणाकाठी, अशी गत होती. मेकॅनिक बोलवायचा तर कळंब नाहीतर बार्शी गाठायची. तो आज येईल की चार दिवसांनी, याचा नेम नसे. ज्वारी पोटरीत आलेली असताना पाण्याला चार दिवस थांबता येत नाही. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंजिन उघडायला शिकून घेतलं. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झाली होती. इंजिनासोबत आलेली पुस्तिका त्यांनी मोठ्या भावाकडून वाचून घेतली आणि पाने, गॅस्केटं, नोझल, फिल्टर हे शब्द कुळव-पाभरीइतकेच सहज त्यांच्या तोंडी बसले.

सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी ऑइलची काडी ओढून, पुसून, पुन्हा घालून पातळी बघायची. डिझेल धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळूनच टाकीत ओतायचं. नोझलची भोकं केसाइतकी बारीक आणि त्यांतून डिझेल उडतं ते दोनशे वातावरणांच्या आसपास दाबाने. तिथे धुळीचा एक कण अडकला तरी काळा धूर सुरू होतो. मग पंपात बादलीने पाणी भरायचं, डोक्यावरची कळ उचलून दाब मोकळा करायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि कळ सोडायची. पहिला ठोका पडला की अण्णा हँडल काढून घेत आणि मिनिटभर नुसतं ऐकत उभे राहत.

टाकी कधी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते आणि इंजिन धरत नाही. याला आम्ही ‘एअर धरली’ म्हणायचो. फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, बुडबुडे संपून सलग डिझेल यायला लागलं की आवळायचा, मग नोझलकडच्या नळीचा नट. हँडल फिरवताना नोझलमधून ‘कर्र कर्र’ असा आवाज आला की समजावं, हवा निघाली. हा आवाज मला पाढ्यांच्या आधी ओळखता येत होता.

ऑइल कधी बदलायचं हे अण्णांनी फार सोप्या हिशोबाने ठरवलं होतं. इंजिनाला तास मोजणारं घड्याळ नव्हतं. पण पूर्ण भारावर ते तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं, हे त्यांनी मोजून पाहिलं होतं आणि ऑइलचं आयुष्यही दोनशे-अडीचशे तासांचंच. दोनशे लिटरचं बॅरल संपलं की ऑइल बदलायचं, असा नियम झाला. ते इंजिन गरम असतानाच सोडायचं, म्हणजे तळाचा गाळ निघून येतो. निघालेलं ऑइल अण्णा अंगठा आणि तर्जनीत चोळून बघत. खरखरलं, चमकलं, तर आत कुठेतरी लोखंड झिजतंय. प्रत्येक वेळची तारीख देवळीतल्या वहीत लिहिली जायची.

खंडेनवमीला मोठी साफसफाई असे. तिकडे तुळजापुरात देवीचं नवरात्र चालू असायचं, इकडे आमच्या अंगणात पोत्यावर इंजिनाचे भाग मांडलेले असत. एअर क्लिनर रॉकेलमध्ये धुवायचा, टॅपेटची फट बघायची. ती मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी, पातळ पत्ती जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त झाली तर टकटक वाजतं, कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. सगळं जोडून झालं की हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि नारळ. तासाभरापूर्वी रॉकेलने माखलेले हात पूजेला जोडले जात.

धुराचं वाचनही तेव्हाच शिकलो. काळा धूर म्हणजे हवा कमी, भार जास्त किंवा नोझल खराब. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजल्या, ऑइल जळतंय. सुरू झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल पुरतं पेटत नाही किंवा आत पाणी शिरलंय.

या सगळ्यात जिवाची जागा एकच होती, थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक नळी. पंपाने उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी त्या नळीने इंजिनाच्या कवचातून फिरायचं आणि बाहेर पडायचं. समुद्रातल्या होडीचं इंजिनही पुष्कळदा असंच बाहेरचं पाणी ओढून थंड राहतं. दोन्हीकडे पाणी थांबलं की इंजिन तापून मरतं. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं ऊन लागलं पाहिजे, पण चटका बसता कामा नये, असं अण्णा सांगत. फार गारही नको, कारण गार इंजिनाचा लायनर लवकर झिजतो.

१९८६ च्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन घरी होतो. उसाला पाणी चालू होतं आणि मी शेताच्या दुसऱ्या टोकाला दारं धरत होतो. विहिरीतलं पाणी फूटवॉलच्या खाली गेलं, पंपाने पाणी सोडलं आणि नळी कोरडी पडली. सरीतलं पाणी आटल्यावर मी धावत आलो तेव्हा इंजिनाचा आवाज जड झाला होता. घाबरून मी त्याच्यावर बादलीभर गार पाणी ओतलं. हेडला तडा गेला. लायनर-पिस्टनही गेला.

अण्णा संध्याकाळी आले. त्यांनी सगळं फिरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “आता खोलायचं बी तूच आन् जोडायचं बी तूच.” बार्शीहून सुटे भाग आणले. तीन दिवस ते शेजारी बसून राहिले, पान्याला हात लावला नाही. हेडचे नट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे का आवळायचे, रिंगांची तोंडं एका रेषेत का येऊ द्यायची नाहीत, हे त्या तीन दिवसांत माझ्या हातांना कळलं. त्यानंतर आमच्या घरात इंजिन असं कधी तापलं नाही.

पुढे इंजिनाला हरवलं ते पाण्याने. पंप पाणी ओढतो म्हणजे वातावरणाच्या दाबावर ते वर चढतं. समुद्रसपाटीलाही ही मर्यादा जेमतेम दहा मीटरची आहे. बालाघाटाच्या आमच्या सहाशे मीटरहून उंच पठारावर सहा-सात मीटरच्या पुढे पंप भरवशाचा राहत नाही. पातळी खाली गेली तशी माणसं विहिरीच्या आत टप्पा काढून इंजिन खाली उतरवू लागली. खोल विहिरीत साचलेल्या इंजिनाच्या धुराने गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अनेक ठिकाणांहून आल्या. आमच्याकडे हा प्रकार नको, असं अण्णांनी ठामपणे सांगितलं आणि आम्ही विजेची मोटार घेतली. नंतर बोअर आले, पाण्यात बुडून राहणारे पंप आले. भारनियमनाच्या वर्षांत इंजिन पुन्हा बाहेर काढलं, पुसलं, आणि ते दुसऱ्या हँडलला सुरू झालं. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मात्र ओढायला पाणीच उरलं नव्हतं. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

२०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे आणि तीन ते साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यायचा. हे चांगलंच झालं. डिझेलचा खर्च गेला, धूर गेला, रात्रीअपरात्री सापाकिरड्यात पाणी द्यायला जाणं गेलं. जुन्या इंजिनाच्या प्रेमापोटी हे नाकारणं अन्यायाचं होईल.

पण एक गोष्ट मला बोचते. या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, आणि त्या भरवशावर आपण त्याच्याकडे बघणंच सोडलं आहे. पॅनेलवर धुळीचा थर बसतो आणि तेवढी वीज घटते. ते सकाळी गार असताना साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसावेत. सांगाड्याचे बोल्ट वाऱ्याने सैल होतात, उंदीर केबल कुरतडतात, अर्थिंगची तार गंजून सुटते. कोरडा चालला तर हाही पंप मरतोच. यातलं वीज न हाताळता करण्यासारखं सगळं काम घरातली कुणीही व्यक्ती करू शकते. पाच वर्षं संपल्यावर हमी राहणार नाही, सवय असेल तर तीच राहील.

अण्णा २०११ मध्ये गेले. त्यांची वही माझ्याकडे आहे. तिच्यातली शेवटची नोंद त्यांच्या थरथरत्या अक्षरात आहे : ‘ऑइल बदलले, फिल्टर धुतला.’ माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या शेतात इंजिन असो, मोटार असो की सौरपंप, येत्या खंडेनवमीला हार घालण्याआधी तो एकदा स्वतःच्या हाताने पुसा, तपासा आणि वहीत तारीख लिहा. शेजारी घरातलं एक मूल बसवा आणि पान्याला हात त्याला लावू द्या.