रिंगणाच्या आतला रस्ता

जत्रेतला 'मौत का कुवाँ' आपण सगळ्यांनीच पाहिलाय. फळ्यांची ती खोल विहीर, वर कठड्याला घट्ट धरून उभ्या असलेल्या आपण, आणि खाली उभ्या भिंतीवरून गरागरा फिरणारी मोटारसायकल. आपल्या पोटात गोळा येतो, पण तो पठ्ठ्या काही पडत नाही. का पडत नाही? वेगामुळे गाडी भिंतीवर दाबली जाते म्हणून. वेग ओसरला की मात्र त्याला खाली यावंच लागतं.

आता हीच विहीर ताणून चांगली चार किलोमीटर घेराची करा. भिंत अगदी उभी न ठेवता घराच्या जिन्याला असतो तेवढा उतार द्या, साधारण ३१ अंशांचा. वर गुळगुळीत डांबर घाला. झाला स्पीडवे! अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना इथे बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थांनी १९५९ मध्ये असा स्पीडवे उभा केला. वळणांच्या एवढ्या उंच कडा रचायला माती कुठून आणायची? मधल्याच जमिनीतून खणली. त्या खड्ड्याचं २९ एकरांचं तळं झालं. वीटभट्टीवाल्यांनी माती काढलेल्या जागी आपल्याकडे पावसाळ्यात पाणी साचतं ना, तसंच, फक्त मोठं.

अशा लांबट गोल ट्रॅकवर गाड्या एकाच दिशेनं पळतात. सगळी वळणं डावीकडची. जोर हवा, धाडस हवं, ब्रेकचं काम कमी. पण स्पोर्ट्स कार म्हणजे रस्त्यावरच्या गाडीची थोरली बहीण. तिला दिवे असतात, दारं असतात, तिला डावं-उजवं दोन्ही वळता आलं पाहिजे. म्हणून डेटोनाला रिंगणाच्या आतून, तळ्याच्या बाजूनं, एक नागमोडी रस्ता काढलेला आहे. गाडी समोरच्या प्रेक्षकांपुढून सुसाट येते आणि एकदम डावीकडे आत शिरते. मग घोड्याच्या नालेसारखं वळण, पुन्हा उलटं वळण, गिअर खाली, गिअर वर आणि परत त्या उंच कडेवर चढून ताशी तीनशे किलोमीटर. मागच्या सरळ पट्ट्यात वेग तोडण्यासाठी एक झटपट डावं-उजवं वळण घातलंय. त्याला कित्येक वर्षं सगळे 'बस स्टॉप' म्हणत. नाव ऐकून मला आमचा भिवंडीचा एसटी स्टँड आठवला. तिथेही बस आत घालताना ड्रायव्हरची अशीच परीक्षा असते!

सगळी मिळून एक फेरी होते सुमारे पावणेसहा किलोमीटरची. गंमत अशी की कडेवर पळायला जी गाडी चांगली, ती आतल्या रस्त्यावर चांगली असतेच असं नाही. कडेवर वारा कमी अडवणारी, हलकी धावणारी गाडी हवी. आतल्या वळणांत मात्र जमिनीला घट्ट धरून राहणारी आणि चटकन ब्रेक लागणारी हवी. दोन्ही एकदम मिळत नाहीत. थोडं इकडचं सोडायचं, थोडं तिकडचं. संसार करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

तुम्ही म्हणाल, भिवंडीत बसून हिला ही शर्यतीची कुठली उठाठेव? सांगते. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजच्या पोरांनी मिळून शर्यतीची एक छोटी गाडी बांधायला घेतली. तिच्यामुळे मीही मोबाइलवर हे सगळं बघायला लागले. पण तिची गोष्ट नंतर. आधी या रिंगणात बायका शिरल्या कशा ते ऐका.

कारच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला मोठा ट्रॅक इंग्लंडचा, ब्रुकलँड्स, १९०७ सालचा. ह्यू लॉक किंग यांनी आपल्या जमिनीवर तो बांधायला घेतला आणि खर्चानं ते मेटाकुटीला आले. तब्येतही खालावली. तेव्हा त्यांच्या पत्नी एथेल यांनी काम हातात घेऊन तडीस नेलं आणि उद्‌घाटनाच्या दिवशी स्वतः गाडी चालवत सगळ्यांच्या पुढे निघाल्या. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, तिथे बायकांची शर्यत झाली. मुरिएल थॉम्पसन पहिल्या आल्या, एथेलबाई दुसऱ्या. बक्षीस काय? तर ब्रेसलेट! आणि एवढं झाल्यावर आयोजकांनी बायकांना शर्यतीची दारं बंद केली ती पुढे कित्येक वर्षं. बाईनं पैसा उभा करावा, देखरेख करावी, पाहुण्यांचं स्वागत करावं, पण चाकामागे बसू नये. कुठे ऐकल्यासारखं वाटतंय ना?

दारं पुन्हा उघडली तेव्हा १९३५ मध्ये केय पेट्री नावाची जेमतेम ४ फूट १० इंच उंचीची बाई त्याच ब्रुकलँड्सवर एका अजस्र गाडीत बसून ताशी २१५ किलोमीटरच्या वर गेली. तिचे पाय पोचावेत म्हणून पेडलांना लाकडी ठोकळे बसवले होते. आपल्या पोळपाटाखाली आपण पाट सरकवतो तसंच की हे! पुढे १९३७ मध्ये ब्रुकलँड्सच्या रिंगणातही आतला वळणावळणाचा रस्ता झाला. दोन वर्षांत महायुद्ध आलं आणि तिथल्या शर्यती कायमच्या थांबल्या.

डेटोनाला स्पोर्ट्स कारची मोठी शर्यत १९६२ पासून सुरू झाली. पहिली शर्यत तीन तासांची. तिचा किस्सा मजेदार आहे. डॅन गर्नी सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवटी शेवटी त्याचं इंजिन बसलं. त्यानं गाडी शेवटच्या रेषेच्या थोडी अलीकडे वरच्या बाजूला नेऊन उभी केली आणि शांतपणे घड्याळाकडे बघत बसला. वेळ संपत आली तशी गाडी उतारावरून हळूच खाली सोडली, रेष ओलांडली आणि जिंकला! घाई करणाऱ्यांच्या जगात तो चक्क थांबून जिंकला.

मग १९६६ पासून ही शर्यत चोवीस तासांची झाली. खरी गोष्ट इथून सुरू होते. चोवीस तास एकट्यानं कुणालाही गाडी चालवता येत नाही. दोघं, तिघं, आता तर चौघं मिळून एक गाडी चालवतात. एकानं दीड-दोन तास चालवायची, मग गाडी पिटमध्ये आणायची. पेट्रोल भरलं जातं, टायर बदलले जातात, तेवढ्यात पहिला ड्रायव्हर बाहेर, दुसरा आत, पट्टे आवळले की निघाली. आम्हा भिवंडीकरांना हे लगेच कळतं. आमच्या गावात माग दिवसपाळी आणि रातपाळीत चालतात. माणूस बदलतो, माग बदलत नाही. मागल्या माणसानं ताणा कसा सोडलाय, यावर पुढच्याची पाळी कशी जाणार ते ठरतं. तिथेही तसंच. गाडी मोडून दिली तर पुढचा काय चालवणार?

त्या पहिल्याच चोवीस तासांत, १९६६ मध्ये, तीन बायकांची एक टीम उतरली होती. जॅनेट गथ्री, सुझी डिट्रिच आणि डॉना मे मिम्स. गाडी साधी, छोटी सनबीम. सोबत फोर्ड आणि फेरारीच्या राक्षसी गाड्या. तिथे सगळ्या आकाराच्या गाड्या एकाच वेळी पळतात. त्यामुळे छोट्या गाडीवाल्याला पुढे बघावं लागतं तितकंच मागेही. रात्री मागून दिव्यांचा झोत आला की बाजू द्यायची, पण आपला वेग सोडायचा नाही. तिथली हिवाळ्यातली रात्र तेरा तासांची. या तिघींनी ती रात्र काढली आणि शर्यत पूर्ण केली. 

यातली जॅनेट गथ्री पदवीनं भौतिकशास्त्राची. विमान कंपनीत काम करायची आणि आपल्या गाडीचं इंजिन स्वतः खोलून बसवायची. हीच पुढे १९७७ मध्ये 'इंडियानापोलिस ५००' या सुप्रसिद्ध शर्यतीत उतरणारी पहिली महिला ठरली. त्याच मैदानावर १९७१ पर्यंत बायकांना पिटमध्ये पाय ठेवायलासुद्धा मनाई होती. २००७ मध्ये व्हेनेझुएलाची मिल्का डुनो तीन पुरुष सहकाऱ्यांसोबत डेटोनाला एकूण सर्व गाड्यांत दुसरी आली. ती जहाजबांधणीची इंजिनिअर.

आता माझ्या भाचीकडे येते. आमच्या गावावरून जो आग्रा रोड जातो, तोच नाशिक, धुळे करत इंदूरकडे निघतो. इंदूरजवळ पिथमपूरला 'नॅट्रॅक्स' हे गाड्यांच्या चाचणीचं सरकारी केंद्र आहे. तिथेही एक लांबट गोल ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा, आशियातला सर्वांत लांब. २०२१ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. याच पिथमपूरला २००७ पासून कित्येक वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांची 'बाहा' स्पर्धा भरत आलीय. मुलांनी एका माणसाची, खाचखळग्यांतून जाणारी गाडी स्वतः बांधायची आणि शेवटी ती चार तास पळवायची.

भाची टीममध्ये होती. पण तिला काम काय दिलं होतं? खर्चाचा हिशेब आणि रिपोर्ट. "तुझं अक्षर छान आहे," म्हणे. वेल्डिंग मुलांकडे, गाडी चालवणं मुलांकडे. ती म्हणाली, "आत्या, फ्रेमचं गणित मी केलंय आणि मला गाडीत बसायचं नाही?" दोन ड्रायव्हर लागतात, त्यातली एक जागा तिनं मागितली. टीममधल्या पोरांनी तोंडं वाकडी केलीच, पण खरी अडचण घरात. वहिनीचा जीव घाबरला. दादा म्हणाला, "मुलीला काही लागलं-बिगलं तर उद्या कोण करणार?" काय करणार ते त्यानं पुरतं सांगितलं नाही, पण आम्ही सगळ्या समजलो.

मग मी आणि भाचीनं वहिनीला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. गाडीला भोवती पोलादी पाइपांचा पिंजरा असतो. हेल्मेट, खांद्यावरून-कमरेवरून पट्टे, इंजिन तात्काळ बंद करायचं बटण, आग विझवायचं नळकांडं. ड्रायव्हरनं पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर यायचं, ही चाचणी पास झाल्याशिवाय उतरूच देत नाहीत. इंजिन लहानसं, दहा हॉर्सपॉवरचं. वहिनी ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "आणि ही रोज अंजूरफाट्याला कंटेनरच्या मधून स्कूटी घालते, तेव्हा?" आम्ही गप्प. तिचं तिनंच उत्तर काढलं होतं. दादाला तिनंच सांगितलं, "जाऊ दे तिला. सराव करूनच बसणार आहे ती."

भाची जाऊन आली. नंबर आला नाही. तिच्या पाळीत पन्नास मिनिटं गाडी नीट चालली, नंतर दुसऱ्या ड्रायव्हरच्या वेळी मागचा एक रॉड वाकला. पोरांनी तो ठोकून सरळ केला आणि गाडी पुन्हा आत घातली. त्या टीमच्या या वर्षीच्या ड्रायव्हरांच्या यादीत भाचीचं नाव पहिलं आहे. रिपोर्ट या खेपेला मुलं लिहिताहेत. अक्षर बरं नाही म्हणे, पण चालतंय.

आणि हे फक्त कॉलेजच्या पोरींचंच नाही बरं का! पुण्याची डायना पंडोले दोन मुलांची आई. २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर पुरुषांच्या बरोबरीनं पळून तिनं सलून कारचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. भारतात असं विजेतेपद मिळवणारी ती पहिली महिला. २०२५ मध्ये फेरारी घेऊन आखातातल्या शर्यतींत उतरणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं.

आपल्यापैकी किती जणींच्या दारात गाडी उभी आहे? आणि किती जणींना लायसन्स असूनही चावी हातात मिळत नाही? दवाखान्यात जायचं तर मुलाची वाट, माहेरी जायचं तर नवऱ्याच्या सुट्टीची वाट. शर्यत लांब असली की चाक दुसऱ्याच्या हातात द्यावंच लागतं, हे डेटोनावाल्यांना पहिल्याच वर्षी कळलं. घरचा पल्ला तर चोवीस तासांपेक्षा कितीतरी मोठा. एकदा रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, "आज मी चालवते" एवढंच म्हणून बघा.

आणि जानेवारीच्या अखेरीस डेटोनाची शर्यत असते ती जमलं तर बघा. आपल्याकडे शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर ती सुरू होते आणि रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालते. २०१९ आणि २०२३ मध्ये तिथे चार-चार बायकांच्या टीम पळाल्या. आपण रविवारी सकाळी पोह्यांना फोडणी देत असतो, तेव्हा तिकडे रात्र झालेली असते. मोठ्या गाड्या मागून येत असतात, तळ्याच्या बाजूचा रस्ता अंधारात असतो आणि कुणीतरी आपली पाळी संपवून पुढच्याला गाडी धडधाकट सोपवत असतं.