भरलेली दाढ आणि मुखातील आम्ल

किडलेली दाढ दंतवैद्याने कोरून भरून दिली, की तिचा मामला कायमचा निकालात निघाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या आम्लाने मूळच्या दाताचे कवच पोखरले त्याचा मुखातील अंमल त्या दिवशी संपत नाही, आणि पूर्वी जे दाताने सोसले तेच पुढे, थोड्याफार फरकाने, त्या भरणाच्या पृष्ठभागाला सोसावे लागते.

लाळेचा सामू एरवी सातच्या आसपास असतो. गोड पदार्थ पोटात गेला, की दातांवरील थरात राहणारे जंतू शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्या थरातील सामू काही मिनिटांतच पाचाच्याही खाली उतरू शकतो, आणि तो पूर्ववत करावयास लाळेला बहुधा अर्धा तास तरी लागतो. सामू ५.५ च्या खाली गेला, की दाताचे कवच विरघळू लागते. लिंबाचा रस किंवा कोलासारखी पेये यांचा सामू तर अडीचच्या जवळपास असतो, आणि आम्लपित्ताच्या रोग्याच्या तोंडात जो जठररस उलटून येतो तो त्याहूनही तीव्र असतो.

या आम्लापुढे सर्व भरणे सारखीच वागत नाहीत. चांदी या नावाने परिचित असलेले पाऱ्याचे मिश्रण गंजते, काळवंडते, पण झिजते थोडे. दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटमध्ये राळेसारखे बहुवारिक आणि काचेची सूक्ष्म पूड यांची सांगड घातलेली असते. आम्लाने व लाळेतील विकरांनी ती राळ मऊ पडते आणि पुडीचे कण सैल होतात.

खरा विचार करण्याजोगा आहे तो ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत अ‍ॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनी सिद्ध केलेले आणि १९७२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले हे सिमेंट मुळात आम्लातूनच जन्मास येते: फ्लोराइडयुक्त काचेच्या पुडीवर पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल चढाई करते, काचेतून कॅल्शियम व अ‍ॅल्युमिनियम यांचे आयन सुटतात, आणि ते त्या आम्लाच्या लांब साखळ्यांना परस्परांशी जखडून टाकतात. पहिल्या काही तासांत हे बंध कच्चे असल्यामुळे वैद्य त्यावर वार्निशाचा किंवा व्हॅसलिनचा लेप देतो. पुढेही लिंबातील सायट्रिक आम्ल नेमके हेच धातूंचे आयन पकडून नेते. अशा भरणाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर, पावसाळ्यात धुपलेल्या मातीच्या भिंतीतून खडे डोकावावेत, तसे काचेचे कण वर आलेले आणि काही जागी नुसते खळगे उरलेले दिसतात. खडबडीतपणा सरासरी ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला, की त्यावर जंतूंचा थर अधिक साचू लागतो, हा येथील खरा धोका.

तथापि याच झिजेत त्या सिमेंटाचा गुणही आहे, आणि त्याला केवळ दुबळे म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. विरघळता विरघळता ते आजूबाजूच्या आम्लाची तीव्रता कमी करते आणि शेजारच्या दाताला फ्लोराइड पुरवते. आम्ल जितके अधिक, तितका हा पुरवठाही वाढता. चिवट चांदीला हे साधत नाही.

म्हणून कोणत्या दाढेत काय भरावे याचा निर्णय रोग्याच्या खाण्यापिण्यावर आणि पोटाच्या तक्रारींवरही अवलंबून असतो, आणि वारंवार आंबट ढेकरा येत असतील तर ती गोष्ट दंतवैद्यापासून लपवू नये. आंबट प्याल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, मात्र मऊ पडलेल्या पृष्ठभागावर लगेच ब्रश फिरवू नये. वैद्यालाही एक पथ्य आहे: कीड टाळण्यासाठी लावतात त्या फ्लोराइडच्या लेपांपैकी फॉस्फोरिक आम्ल घातलेला लेप स्वतःच आम्लधर्मी असून काचेला खातो; ज्याच्या तोंडात कॉम्पोझिटची, ग्लास आयोनोमरची वा पोर्सेलिनची कामे पुष्कळ झाली आहेत, त्याच्यासाठी उदासीन सोडियम फ्लोराइडचा लेप निवडणे इष्ट होय.