दिवा विझला, दोष तिथेच

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की हल्ली अनेक गाडीवाले गॅरेजला फोन करण्याआधी खिशातून स्कॅनर काढतात. काड्यापेटीएवढी ब्लूटूथची डबी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायची, मोबाइलवर कोड वाचायचा आणि संध्याकाळी पुण्याच्या नाना पेठेत सेन्सर घ्यायला हजर व्हायचं. आपली गाडी आपण उघडून बघावी, याला माझा विरोध नाही, उलट कौतुकच आहे. पूर्वी रविवारी सकाळी कार्ब्युरेटर उघडून बसणारे होते, आता लॅपटॉप घेऊन बसणारे आहेत. घोटाळा होतो तो ऐकीव ज्ञानाने. त्यातलं निम्मं कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं असतं आणि उरलेलं अमेरिकेतल्या व्हिडिओंतलं.

‘कोड ऑक्सिजन सेन्सरचा आला, म्हणजे सेन्सर गेला’

खिशाला सगळ्यांत जास्त चाट लावणारा गैरसमज हाच, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जमतंय की नाही, हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. साध्या प्रकारचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहतो. तो खाली गेला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. वर गेला की कमी वेळ. मूळ हिशेबात किती टक्के भर घातली किंवा किती कपात केली, याची नोंद ठेवली जाते. तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. तब्येतीत असलेल्या इंजिनात हा आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो.

समजा, हा आकडा अधिक वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत चढला. एवढं पेट्रोल वाढवूनही मिश्रण कोरडंच राहतंय, हे लक्षात आल्यावर ईसीयू पी-०१७१ हा कोड नोंदवतो. म्हणजे सेन्सरने आपलं काम चोख केलेलं असतं. आपण मात्र खबर आणणाऱ्यालाच बदलून टाकतो. खरं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. इनटेकच्या रबरी होसला बारीक चीर असते, मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढत असतं, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसलेली असते किंवा पेट्रोलचा पंप थकलेला असतो.

यातलं नेमकं काय, हेही तोच स्कॅनर सांगतो, फक्त कोडचं पान सोडून लाइव्ह डेटाच्या पानावर जावं लागतं. गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला ट्रिम बघा, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन २५०० फेऱ्यांवर धरा. आयडलिंगला जास्त असलेला आकडा फेऱ्या वाढल्यावर खाली आला, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरते आहे. आयडलिंगला इंजिन मुळात हवा कमी घेतं, त्यामुळे चिरेतून आलेल्या हवेचा वाटा तेव्हा मोठा ठरतो. उलट, भार वाढेल तसा आकडाही चढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासायचा.

इथे एक मेख आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत हवा थेट मोजणारा सेन्सर नसतोच. मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधला जातो. अशा गाडीत होस फाटली तर दाब वाढतो, ईसीयू पेट्रोलही वाढवतो आणि ट्रिम फारशी न हलता नुसत्या आयडलिंगच्या फेऱ्या चढतात. परदेशी व्हिडिओतला सल्ला तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

पी-०४२० चंही तेच. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही’ एवढंच तो सांगतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असल्याने तो महाग असतो, म्हणून बदलण्याआधी एक्झॉस्टच्या जोडातली गळती आणि इंजिनाचं मिसफायरिंग तपासलेलं बरं. मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. दिवा नुसता लागलेला असेल तर बहुधा सवडीने बघता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये, बाजूला घ्यावी.

‘बॅटरीची वायर दहा मिनिटं काढली की ईसीयू रीसेट, गाडी नव्यासारखी’

दिवा जातो, हे खरं. पण त्याच्याबरोबर ईसीयूने महिनोन्‌महिने शिकून ठेवलेल्या ट्रिम आणि थ्रॉटलची जुळणीही पुसली जाऊ शकते. मग पुढचे काही दिवस सिग्नलला गाडी थरथरते. काही गाड्यांत काचांचं एका बटणावर वर जाणं बंद पडतं, म्युझिक सिस्टिम कोड मागते. प्रदूषणाशी संबंधित बरेचसे दोष गाडी चालवण्याच्या सलग दोन खेपांत आढळल्याशिवाय दिवा लागत नाही, त्यामुळे मधल्या काळात ‘गेलं की!’ असं वाटतं. गॅरेजवाल्याला तपासायला जी नोंद हवी होती, तीही आपण पुसलेली असते. कोड पुसायचाच असेल तर आधी त्याचा आणि त्यासोबत साठवलेल्या आकड्यांचा फोटो काढून ठेवावा.

स्कॅनरच्याच सॉकेटला लावायची, ‘अ‍ॅव्हरेज वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी हिरवी-निळी डबी येते. लोकांनी उघडून पाहिलेल्या अनेक डब्यांत दोन-तीन एलईडी आणि ते लुकलुकवणारी चिप, एवढाच ऐवज निघाला आहे. त्या गाडीच्या संगणकाशी बोलतसुद्धा नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर टायरची हवा तपासा, फुकट होतं.

‘इंजिन तेच, कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते’

या समजुतीला आपल्याकडे एक भरभक्कम उदाहरण मिळालं, फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल. १२४८ सीसीचं हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनायचं आणि मारुतीही परवान्यावर बनवायची. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, अर्टिगा, सियाझ अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ पीएस आणि सियाझमध्ये ९०. ‘बघा, सॉफ्टवेअरचा खेळ!’ असं म्हणत अनेकांनी ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे रिमॅप करून घेतलं.

प्रत्यक्षात ९० पीएसच्या इंजिनात टर्बोच वेगळा होता. त्याच्या पात्यांचा कोन बदलतो, ७५ मध्ये ती सोय नाही. टर्बोची मर्यादा सॉफ्टवेअरने ओलांडता येते, पण मग तो त्याच्या बेताबाहेर फिरतो.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर टर्बो असलेल्या डिझेलवर आणि पेट्रोलवर रिमॅपने फरक पडतो आणि तो जाणवण्याइतका असतो. हवेचा दाब वाढवता येतो, इंधन वाढवता येतं. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत मात्र हाती फारसं लागत नाही, कारण इंजिन शोषून घेईल तेवढीच हवा मिळते. तिथे ‘पिकअप वाढला’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद तेवढा तिखट केलेला असतो. अर्ध्या दाबाला पाऊण थ्रॉटल उघडतो, शेवटची ताकद तीच.

मग कंपनी जागा सोडते ती का? हीच गाडी नागपूरच्या मे महिन्यात एसी लावून आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहच्या विरळ हवेत पाच माणसं घेऊन चालावी लागते. कुठल्या तरी आडगावच्या पंपावर भरलेल्या कशाही डिझेलवर चालावी लागते. क्लच आणि गिअरबॉक्स ठरावीक टॉर्कसाठी निवडलेले असतात. ही जागा त्या सगळ्यांसाठी असते, आपण ती एकदम खर्च करून टाकतो.

स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स तर सरळ खोटं बोलतो. कॉमन रेलमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत तो मध्ये बसतो आणि खऱ्यापेक्षा कमी दाब ईसीयूला कळवतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, इंजेक्टरमधून जास्त डिझेल पडतं. मुळात हजार-दीड हजार बारच्या पुढे काम करणारा डिझेलचा पंप. त्याच्यावर किती ताण आलाय हे आता त्याच्या मालकाला कळत नाही, ईसीयूलाही कळत नाही. मागून काळा धूर येतो, तो ‘ताकदीचा’ म्हणून मिरवला जातो, पण ते अर्धवट जळलेलं डिझेल असतं. बीएस-६ गाडीत हीच काजळी डीपीएफच्या, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळी पकडणाऱ्या फिल्टरच्या, जाळीत अडकते. ती जाळून टाकायला एक्झॉस्ट साधारण सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. घर ते ऑफिस, तीन किलोमीटर, सिग्नलच सिग्नल, अशा वापरात ते जमत नाही. मग डीपीएफच कापून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. ते बेकायदा आहेच, पण त्याआधी महिन्यातून दोन-तीनदा द्रुतगती मार्गावर सलग अर्धा तास चालवून पाहायला काय हरकत आहे?

‘फिल्टर बदला, पेट्रोल बदला, अ‍ॅव्हरेज वाढेल’

कार्ब्युरेटरच्या गाडीत एअर फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त जायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर ईसीयू इंधनही कमी करतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरवर नव्या गाड्या चालवून पाहिल्या. अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय फरक नाही, वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. धुऊन वापरायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते हवेच्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि पी-०१७१ तुमच्या घरी येतो.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलमधली ऊर्जा नव्हे. दाबाखाली आपोआप पेटायला पेट्रोल किती विरोध करतं, ते तो सांगतो. आपल्याकडे साधं पेट्रोल पूर्वी किमान ९१ चं असायचं. ९१ साठी बनवलेल्या इंजिनात १०० ऑक्टेन ओतलं तर पंपवाल्याचा फायदा नक्की होतो.

‘फ्यूज सारखा उडतो, जरा मोठा टाकू’

असं करू नका. फ्यूज हेडलाईटला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, आणि कुठे कोणता लावायचा, हे त्या-त्या वायरीच्या जाडीनुसार कारखान्यात ठरलेलं असतं. लालच्या जागी हिरवा घातला की फ्यूज टिकतो आणि डॅशबोर्डमागे वायर तापते.

हेडलाईटमध्येही हाच हिशेब. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, शंभर वॅटचा आठच्या वर. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीनपट. जाड वायर आणि वेगळा रिले घातल्याशिवाय आधी होल्डर वितळतो. शिवाय ज्या रिफ्लेक्टरमध्ये हॅलोजनची तार नेमक्या बिंदूवर धरलेली असते, तिथे कुठलाही एलईडी बसवला की उजेड विखुरतो. आपल्याला पुढचं झाड लखलखीत दिसतं आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. ‘सहा हजार केल्विन’ हा आकडा रंगाचा आहे, उजेडाचा नाही. पावसाळ्यात माळशेज किंवा आंबोलीच्या धुक्यात त्या निळसर पांढऱ्या झोताची पुढे नुसती भिंत उभी राहते. पांढऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा पिवळट काचा पॉलिश करून घ्या आणि फोकस नीट लावून घ्या. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना टेस्टलॅम्प लावण्याचा मोह कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून होऊ देऊ नका.

‘मॉडिफिकेशनवर बंदी आहे’ आणि ‘काही होत नाही’

ही दोन्ही वाक्यं एकाच पार्किंगमध्ये ऐकू येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण याच कायद्यात वाटही आहे. त्या मॉडेलसाठी मंजूर असलेला सीएनजी किट आरटीओत नोंदवून बसवता येतो, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून घेण्याची तरतूदही आहे.

वॉरंटीबद्दल व्हिडिओत छातीठोकपणे सांगतात की बिघाड तुमच्या पार्टमुळे झाला हे कंपनीने सिद्ध करावं लागतं. तो अमेरिकेचा १९७५ चा कायदा आहे. आपल्याकडे वॉरंटीच्या पुस्तिकेतल्या अटी वाचाव्या लागतात आणि त्यात वायरिंग कापण्याबद्दल काय लिहिलंय, ते कापण्याआधी वाचावं.

‘अल्टरनेटर चौदा व्होल्ट दाखवत नाही, म्हणजे गेला’

घरी एकच अवजार घ्यायचं असेल तर चांगला मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या चार्ज बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट असावेत. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतात. नव्या गाड्यांत मात्र ईसीयूच अल्टरनेटरला कधी सुटी देतो, कधी जास्त राबवतो. बॅटरी भरलेली असेल तर मीटर पावणेतेराच्या आसपासही उतरतो आणि ब्रेक मारताना पुन्हा चढतो. लोक हा आकडा बघून अल्टरनेटर उतरवतात. त्याआधी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. नवी पट्टी, पॉलिश पेपर आणि दहा नंबरचा पाना, एवढ्यात काम होतं.